खाचेची बाजू

सूक्ष्मदर्शकाची गोल बैठक हळूहळू फिरवत नेली की अभ्रकाचा पापुद्रा एका ठरावीक जागी येऊन विझतो. रंग जातो, काळी रेघ उरते. आणखी थोडं फिरवलं की पुन्हा उजळतो. त्या सकाळी माझ्या नजरेखालच्या वर्तुळात बेचाळीस पापुद्रे होते. मी दोनदा मोजले. त्यातले एकोणचाळीस एकदम विझले, वीज गेल्यावर गल्लीतले दिवे जावेत तसे. तीन उरले. ते बाकीच्यांहून मोठे, दोन्ही टोकांना निमुळते, मासोळीसारखे होते. बाकीचे सगळे आडवे पडलेले असताना हे तीन जरासे तिरके होते. तिन्ही डावीकडे कललेले.

"कोणीकडे?" डबीर सरांनी विचारलं.

"डावीकडे, सर."

"ऊठ. बघू दे."

मी स्टूल सोडलं. सरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात झालं होतं, म्हणून ते डावा डोळा लावून बघत. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी स्लाइड काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि काचेवरच्या दगडाच्या पातळ चकतीचा कोपरा अंगठ्यानं चाचपला.

"ही उलटी लागलीय," ते म्हणाले.

"सर, पाचही नमुन्यांत कल डावीकडेच आहे."

"मग पाचही उलट्या लागल्यात."

ही गोष्ट १९८७ च्या मार्चमधली. मी तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात डबीर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. प्रबंध टंकलेखनाला द्यायचा बाकी होता. जूनपासून एका कॉलेजात नोकरी ठरल्यासारखी होती, तिची अट एकच होती, त्याआधी प्रबंध सादर झालेला हवा.

सर काय म्हणत होते ते समजायला फार शास्त्र लागत नाही. अभ्रक हे पोथीच्या पानांसारखं खनिज. खडक जमिनीत खोल गेला, तापला, दाबला गेला की त्यातले पापुद्रे वळू लागतात. जे वळू शकत नाहीत ते हळूहळू विरघळतात आणि दाबाशी काटकोन करून नव्यानं उगवतात. शेवटी सगळ्यांची सपाट बाजू दाबाकडे होते आणि अख्ख्या खडकाला पानं सुटतात. पण दाब नुसता समोरून न येता वरचा थर खालच्या थरावरून घसरत असेल, तर काही मोठे पापुद्रे तिरके राहतात. त्यांचा कल पाहून वरचा थर कोणीकडे सरकला ते सांगता येतं. मात्र चकती आपण कोणत्या बाजूनं पाहतोय ते पक्कं ठाऊक हवं. काचेवर लिहिलेलं मागून वाचलं तर डावं उजवं होतं, तसंच हे.

म्हणून दगड डोंगरात जागच्या जागी असतानाच त्याच्यावर पक्क्या शाईनं बाण काढायचा, टोक उत्तरेकडे. मगच तो फोडायचा. विभागात आणला की दौलतभाऊ त्याची काप काढायचे, बाण कापेवर उतरवायचे आणि चकती काचेला चिकटवायच्या आधी तिच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला कानशीनं बारीक खाच करायचे. खाच वर उजवीकडे दिसली म्हणजे आपण पूर्वेकडून पाहतोय. सगळा भरवसा त्या खाचेवर.

माझ्या स्लाइडा म्हणत होत्या की कोसमडोंगरीचे, म्हणजे मी नमुने आणले त्या डोंगराचे, वरचे थर उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकले. सरांच्या खोलीतल्या भिंतीवर त्यांनी तरुणपणी काढलेला त्याच डोंगराचा नकाशा टांगलेला होता. त्यावरचे सगळे लाल बाण दक्षिणेकडून उत्तरेकडे जात होते. त्या नकाशावर आमच्या विभागातल्या पंचवीस तुकड्या शिकल्या होत्या. मीसुद्धा.

"दौलतला बोलाव," सर म्हणाले.

दौलत सहारे आमच्या विभागाचे स्लाइड बनवणारे. जिन्याखालच्या खोलीत त्यांची करवत, काचेचे तुकडे, दगड घासायची कार्बोरंडमची पूड आणि शेगडी. खडक इतका पातळ घासायचा की खालचं छापील अक्षर वाचता यावं, आणि तरी तो तुटता कामा नये. दुसऱ्या विद्यापीठांतून लोक त्यांच्याकडे दगड पाठवायचे. एकतीस मार्चला ते निवृत्त होणार होते. चकत्या चिकटवायच्या डिंकाचा, कॅनडा बाल्समचा, गोडसर वास त्यांच्या सदऱ्याला कायमचा चिकटलेला असे.

"दौलत, खाच कुठल्या कोपऱ्याला करतोस?"

"वरच्या, सर. उजव्या. नेहमीचीच."

"शरयूच्या ह्या पाचही स्लाइडा उलट्या लागल्यात."

दौलतभाऊंनी सरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, ते आता तडकतील. त्यांच्या कामाला कुणी नुसतं 'जाड राहिलं' म्हटलं तरी ते तो दगड दोन दिवस परत द्यायचे नाहीत. पण ते म्हणाले, "बरं, सर."

आणि गेले.

सरांनी दार लोटून घेतलं. "बस," ते म्हणाले. मग त्यांनी मला एक पत्र दाखवलं. जानेवारीत, सर ऑपरेशननंतर घरी असताना, मी एका परिषदेत पाच मिनिटांचं टिपण वाचलं होतं. त्यात डाव्या कलाचा उल्लेख होता. श्रोत्यांत माझे होऊ घातलेले परीक्षक बसलेले होते. त्यांनी सरांना अतिशय सभ्य इंग्रजीत विचारलं होतं, आपल्या विद्यार्थिनीचा निष्कर्ष आपल्या नकाशाच्या नेमका विरुद्ध आहे, हे कसं?

"मला उत्तर द्यायचंय," सर म्हणाले. "दोनच शक्यता आहेत. फिल्डमध्ये तू बाण चुकीचा काढलास, किंवा इथं दौलतनं चकत्या उलट्या लावल्या. तू चुकली असशील तर पाचही नमुने रद्द. पुन्हा हिवाळ्यात जा, पुन्हा आण. वर्ष गेलं. दौलत चुकला असेल तर पंधरा दिवसांत नव्या स्लाइडा होतील."

"आणि दौलतभाऊंचं?"

"त्याला काय होतंय? तू लेखी दे, स्लाइडा सदोष होत्या म्हणून. फाइलमध्ये एक शेरा राहील. महिनाअखेर तो चाललाच आहे." ते थोडं थांबले. "माणूस थकतो गं. अठ्ठावीस वर्षं डोळे फोडलेत त्यानं."

ते वाईट हेतूनं बोलत नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. मुलीला डोंगरात एकटी कशी पाठवायची म्हणून माझे वडील अडून बसले होते तेव्हा हेच सर आमच्या दोन खोल्यांच्या घरी येऊन, सतरंजीवर मांडी घालून बसले होते. आईच्या हातचा चहा दोनदा घेतला होता. "मुलगी तुमची असली तरी डोंगर माझा आहे," असं म्हणून त्यांनी वडिलांना हसवलं होतं.

मी म्हटलं, "सर, मला आठ दिवस द्या. एकदा बघून लिहिते."

आठ दिवस मागितले त्याचं खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. पाचातला तिसरा नमुना मी आधी फोडला होता आणि बाण नंतर काढला होता. संध्याकाळची शेवटची एसटी खाली पुलाजवळ हॉर्न देत होती, हातोडीचा घाव अपेक्षेपेक्षा जोरात बसला, आणि दगड माझ्या ओंजळीत आला. मी तो पुन्हा खोबणीत धरून, अंदाजानं बाण ओढला आणि धावत सुटले. शिकाऊ विद्यार्थ्यालाही पहिल्या दिवशी सांगतात ते मी चौथ्या वर्षी चुकले होते. एका नमुन्यात असं केलं, तर बाकीच्यांत केलं नाही हे मी कशावरून ठामपणे सांगणार होते? आणि वहीत यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखालच्या खोलीत गेले. दौलतभाऊ ओल्या काचेवर चकती गोल गोल फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "लेखी देल्लं काय?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ऑफिसातला झाडे सांगून रायला होता. म्हणे, दौलत, जाता जाता तुह्या फाइलीत फूल खोवलं."

मी स्टुलावर बसले. "भाऊ, उरलेले दगड आहेत ना? ज्यातून काप काढली ते?"

"हायेत ना. मी दगड फेकत नाई."

"ते घेऊन डोंगरावर जाते. ज्या खोबणीतून काढले त्याच खोबणीत बसवून बघते. दगड एकाच रीतीनं बसेल. मग बाण बरोबर की चूक ते कळेल."

त्यांचा हात थांबला. काचेवरचं पाणी त्यांनी चिंधीनं टिपलं.

"मी येऊ काय?"

"तुम्ही?"

"अठ्ठावीस वर्सं दगड घासले, ताई. कोसमडोंगरीचेच दोन-तीन हजार असतीन. डोंगर काई पाह्यला नाई अजून."

मला आधी ते खरंच वाटेना. मग आठवलं, सहलीला विद्यार्थी जायचे, प्राध्यापक जायचे, सामान उचलायला दोन शिपाई जायचे. स्लाइड बनवणाऱ्याचं तिथं काय काम?

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. भंडाऱ्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला होता. दौलतभाऊंनी इस्त्रीचा पांढरा सदरा आणि पायात कॅनव्हासचे बूट घातले होते. दगडांची पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. धामणटोल्याच्या फाट्यावर उतरून आम्ही पायवाटेला लागलो. तिथली वाटेवरची माती चमकते. गावातली पोरं ओला तळहात मातीत थोपटून एकमेकांना 'चांदी' दाखवतात. दौलतभाऊंनी खाली वाकून चिमूटभर माती बोटांवर चोळली.

"बापा, हे तर माह्या मोरीत रोजच असते," ते म्हणाले. "बायको म्हणते, तुमच्या अंगाची चमक धुऊन धुऊन माह्ये हात गेले."

डोंगराच्या पहिल्या उघड्या खडकाशी ते असे थांबले, जणू ओळखीचं माणूस भेटलं. हात लावला. पानं सुटलेल्या कडेवरून नख फिरवलं.

"हा लय हरामखोर दगड हाय. घासता घासता पानं सुटते याची. मोकळे सर होते ना, त्याहीच्या बॅचचे. सगळे असेच." पुढच्या वळणावर म्हणाले, "आन् हा चांगला. यात तांबडे दाणे हायेत. दाणे कडक रायते, बाजूचे पापुद्रे त्याले वळसा घालून जाते."

"गार्नेट."

"तुमचं गार्नेट. आमच्या खोलीत त्याले डोळा म्हणतो."

चार वर्षं मी त्या डोंगरावर चालत होते. त्या सकाळी तो मला एका अशा माणसानं दाखवला, ज्यानं तो फक्त पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यांत पाहिला होता.

पहिली खोबण सापडायला वेळ लागला नाही. कडेनं शेवाळ नव्हतं, फुटलेला भाग अजून ताजा होता. मी दगड काढला आणि आत सरकवला. तो अडला. जरा फिरवला, तर खट् असा आवाज करून बसला. भोवतीच्या खडकातल्या पांढऱ्या रेषा दगडावरून सलग पुढं गेल्या. मी होकायंत्र ठेवलं. बाण उत्तरेकडे होता.

दुसऱ्याचंही तसंच.

तिसऱ्या खोबणीपाशी मी दगड पिशवीतून काढला, पण आत सरकवला नाही. मी दौलतभाऊंना म्हटलं, "हा तुम्ही बसवा."

"काहून?"

"याचा बाण मी फोडल्यावर काढलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दगड दोन्ही हातांत घेऊन त्याचं वजन जोखलं, डोळे मिटून कडा चाचपल्या, आणि एकाच प्रयत्नात तो जागेवर सरकवला. मला होकायंत्राकडे बघवेना.

"पाहा, ताई."

बाण उत्तरेकडे होता. दोन अंशांचा फरक असेल, माझ्या धावपळीचा.

मी चक्क हसले. मोठ्यानं. खडकावर बसूनच गेले. चौथा आणि पाचवाही बरोबर निघाला. माझं वर्ष वाचलं होतं, नोकरी वाचली होती, वहीत न लिहिलेली चूक ही चूकच नव्हती. हे सगळं मनात येऊन गेल्यावर, किती वेळानं ते सांगता येणार नाही, पण लगेच नाही एवढं खरं, मला सरांच्या दोन शक्यता आठवल्या. त्यातली एक मी आत्ता स्वतःच्या हातानं खोडली होती. उरली होती ती समोर बसून डब्याची गाठ सोडत होती.

"भाऊ..."

"जेवून घ्या आधी."

त्यांनी भाकरी आणि वांग्याची भाजी कागदावर काढली. मी काही खाऊ शकले नाही. ते व्यवस्थित जेवले. मग समोरच्या कड्याकडे बोट करून म्हणाले, "हे सगळे पापुद्रे एकाच बाजूनं कसे काय झोपले, ताई? तुमी लोक शिकवता, आमी नुसतं घासतो."

मी सांगितलं, पुस्तकात आहे तसंच. वजन येतं, उष्णता येते, पापुद्रे फिरतात. सपाट बाजू दाबाकडे करून पडले म्हणजे त्यांना सगळ्यात कमी सोसावं लागतं.

"आन् जे नाई फिरत ते?"

"विरघळतात. पुन्हा उगवतात, पण सगळ्यांसारखेच पडून."

"मंजे जुना तो रायतच नाई."

"नाही."

"किती दिवस लागते?"

"दिवस नाही, भाऊ. लाखो वर्षं."

ते हसले. "माणसाले इतका टाइम नाई लागत." पाण्याची बाटली बंद करत त्यांनी विचारलं, "तुमच्या हिशोबानं हा डोंगर तिकून इकडे सरकला. सरांच्या हिशोबानं इकून तिकडे. असंच ना?"

"हो."

"हं," ते म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

परतीच्या गाडीत मी त्यांना म्हटलं की मी काहीही लेखी देणार नाही. हे मी गाडीच्या खडखडाटात म्हटलं, खिडकीकडे बघत. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. पिशवी आता रिकामी होती. दगड आम्ही डोंगरातच ठेवून आलो होतो, ज्याच्या त्याच्या जागी.

सोमवारी साडेअकराला सरांनी दोघांनाही बोलावलं. टेबलावर माझ्या पाच स्लाइडा, शेजारी सूक्ष्मदर्शक, आणि एक कोरा कागद. सर खुशीत होते.

"काय निघालं?"

"बाण बरोबर आहेत, सर. पाचही दगड परत बसवून पाहिले."

"शाबास!" ते खरोखर आनंदले. "मला खातरी होती. माझी विद्यार्थिनी बाण चुकणार नाही." मग दौलतभाऊंकडे वळले. आवाज मऊ होता. "म्हणजे चूक इथं झाली, दौलत. होतं असं. मी काही रागावलेलो नाही. पाचही पुन्हा लाव. ह्या वेळी नीट बघून. शरयू, तू त्या दोन ओळी लिहून टाक, म्हणजे मला पत्राचं उत्तर देता येईल."

कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. पेनचं टोपण काढून दिलं. "सर," मी म्हटलं, "तिसरी शक्यताही आहे..." आणि भिंतीवरच्या नकाशाकडे माझी नजर गेली. त्याच्या कोपऱ्यात त्यांची पंचवीस वर्षांपूर्वीची सही होती, झोकदार, तरुण. पेन मी हातात घेतलं नाही.

"कुठली तिसरी?" सरांनी विचारलं.

दौलतभाऊंनी खिशातून तपकिरीची चपटी डबी काढली. तपकीर ते ओढत नसत. डबीत कापूस होता, आणि कापसात एक स्लाइड. जुनी, बाल्सम पिवळा पडलेला. त्यांनी ती टेबलावर ठेवली. काचेवर हिऱ्याच्या टोकानं नंबर कोरलेला होता आणि अक्षर सरांचं होतं. ख-सात. नकाशावर ख-सात कुठं आहे ते मला पाठ होतं. लाल बाणांची सुरुवात तिथूनच होत होती.

"हे काय?" सर म्हणाले.

"तुमचीच हाय, सर. एकसष्ट सालची. तुमी तवा पीएच.डी.ले होते."

"ख-सात तर कपाटात आहे."

"कपाटात हाय ते दुसरी. हे पयली."

सरांनी स्लाइड उचलली. अंगठ्यानं कोपरा चाचपला. खाच होती, वर, उजवीकडे. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि डावा डोळा टेकला. बैठक फिरण्याचा बारीक आवाज येत होता. एकदा पूर्ण फिरली. पुन्हा एकदा फिरली. मधेच थांबली, जिथं बहुतेक सगळे विझतात आणि थोडे उरतात तिथं. बाहेर व्हरांड्यात बी.एस्सी.ची मुलं कुणाची तरी टिंगल करत हसत होती. सरांनी मान वर केली नाही.

"तुमी म्हणले होते, दौलत, उलटी लावली," दौलतभाऊ म्हणाले. "तुमचे सर परीक्षेले येणार होते, नकाशा काढून झाला होता. मी रोजंदारीवर होतो तवा. दोन वर्सं झाली होती, कायम करतीन म्हणत होते. मी खाच पाह्यली होती, सर. बरोबर होती. पण तुमी शिकेल माणूस. मी म्हणलं, असंन आपलंच चुकलं."

सर सूक्ष्मदर्शकावरच वाकलेले होते. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस मला दिसत होते.

"तुमाले दोष नाई देत मी," दौलतभाऊ म्हणाले. "तुमाले तसंच वाटलं होतं."

मग सरांनी स्लाइड काढून तळहातावर ठेवली आणि जवळजवळ विनवल्यासारखं, अगदी हळू म्हणाले, "दौलत, हीसुद्धा उलटीच लागली होती रे. आठवून बघ."

दौलतभाऊ सरळ उभे होते. दोन्ही हात मागे, इस्त्रीचा तोच पांढरा सदरा. त्या सव्वीस वर्षांत त्यांना सरांपुढं 'नाही' म्हणताना ऐकल्याचं विभागात कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

"नाई, सर," ते म्हणाले. "हे सरळ होती. उलटी मी मंग लावली, तुमी सांगतलं म्हणून. आता नाई लावणार."